चुलत सह्याद्री

सायकल भाड्याने देणाऱ्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सीटच्या उंचीकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे. "बीचपर्यंतच ना?" मी म्हटलं, "ल मॉर्नला." त्याने हातातला पाना खाली ठेवला. ल मॉर्न म्हणजे मॉरिशस बेटाचं पार दुसरं टोक, नैर्ऋत्येचं. "तिकडे बस जाते," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. बावन्नाव्या वर्षी हा सूर ओळखीचा झालेला असतो. कात्रजच्या घाटात चहाला थांबलं की बुलेटवरची पोरंही याच सुरात बोलतात.

नवऱ्याची ऑफिसच्या कामाची चार दिवसांची बैठक मॉरिशसमध्ये होती, मी सोबत गेले होते. त्यातला रविवार मी पुण्यातूनच मागून घेतला होता. नकाशावर बेट अगदी आटोपशीर दिसतं. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या पुणे जिल्ह्यात अशी आठ बेटं मावून वर जागा उरेल. सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर. सिंहगड याहून उंच, असं मी मनातल्या मनात म्हणून घेतलं. यातली मेख रविवारी कळली. सिंहगडाला जाताना पुणं आपल्याला साडेपाचशे मीटर आयतं उचलून देतं. इथे सुरुवात शून्यापासून होती, समुद्राच्या पाण्यात चाक बुडवून.

पहाटे काप मालरोला पोचले. नावाचा अर्थ 'दुर्दैवी टोक', जागा मात्र कॅलेंडरवर छापावी अशी. लाल छपराचं छोटं चर्च, पाण्यावर डुलणाऱ्या होड्या आणि समोर क्वँ द मीर नावाचं पाचरीसारखं तिरकं बेट. १८१० साली इंग्रजांचं सैन्य याच किनाऱ्याला उतरलं आणि फ्रेंचांकडून बेट घेऊन गेलं. घेतलं तरी भाषा फ्रेंचच राहिली, डाव्या बाजूने गाडी चालवण्याची पद्धत तेवढी साहेबाची. मला या दोन्हींतली दुसरीच गोष्ट उपयोगाची होती.

पहिले वीसेक किलोमीटर सपाट. दोन्ही बाजूंना ऊस. सप्टेंबर म्हणजे तिकडचा हिवाळा संपत आलेला आणि तोडणीचा हंगाम, त्यामुळे अर्धी शेतं उभी आणि अर्धी मोकळी. बारामती-इंदापूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला इथे परकं वाटायला काही कारण नाही. वास तोच, रस्त्यावर सांडलेली पाचट तीच. फक्त मोकळ्या शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग होते. आमच्याकडे बांधावर दगड लावतात तसे नव्हेत. घराएवढे, कडा नीट रचलेल्या, वरून सपाट केलेल्या. पहिला ढीग पाहिला तेव्हा वाटलं, जुन्या किल्ल्याचा बुरूज असावा. दहावा पाहिल्यावर कळलं की हे शेतातून वेचलेले दगड आहेत.

कोणी वेचले, ते आदल्या दिवशीच पाहून आले होते. पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. तिथल्या काळ्या दगडी पायऱ्या चढून हिंदुस्थानातले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर आले. २ नोव्हेंबर १८३४ ही तिथे मानाची तारीख. त्या दिवशी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं आली. बरीचशी कलकत्ता आणि मद्रासमार्गे, काही मुंबई बंदरातून. त्या मुंबईवाल्यांत आपली कोकणातली आणि घाटावरची माणसं होती. (माझी पहिली सायकलही अ‍ॅटलास, वडिलांची, चोवीस इंची, तिच्या दांडीखालून पाय घालून 'कैची' चालवत शिकले. आप्रवासी घाटावरच्या फलकावर ते नाव वाचून मला क्षणभर हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.)

उसाचं शेत करायचं म्हणजे आधी दगड काढायचे. हाताने, डोक्यावरून. आता यंत्रं आल्यावर कितीतरी ढीग उपसून जमीन सपाट केली आहे, तरी पुष्कळ उरलेत. सायकलवरून जाताना मी ते मोजत होते, चाळीसनंतर सोडून दिलं.

पाँप्लमूस मागे टाकलं आणि रस्ता ला निकोलिएरच्या तलावाकडे वळला. तलावाच्या पलीकडून चढ सुरू होतो. दाट झाडी, वळणामागे वळण, कठड्यावर माकडं. ताम्हिणी आठवावा असा रस्ता, फक्त प्लॅस्टिकच्या बाटल्या कमी. गिअर सगळ्यात हलका टाकला तरी मागची चेन दर दहा-बारा फेऱ्यांनी एकदा 'खट्' करून दातावरून उडी मारत होती. पाय एकदम रिकामा पडायचा. अशा वेळी माणूस पुढे बघत नाही, जमिनीकडे बघतो. बघता बघता माझं लक्ष रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे गेलं आणि मी उतरलेच. दमलेही होते, निमित्त बरं मिळालं.

तो आमचाच दगड होता. काळा बेसॉल्ट. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले, मध्ये कुजून लालसर झालेली माती, आणि त्या मातीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. वरंध घाटात, माळशेजला, भोरच्या रस्त्यावर हे इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटून काढता येईल.

यात योगायोग नाही. बेसॉल्ट जगात पुष्कळ ठिकाणी आहे, पण हा आणि आपला एकाच भट्टीतला. भूशास्त्रज्ञ सांगतात ते साधारण असं: हिंदी महासागराखाली, पृथ्वीच्या पोटात एक तप्त झोत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी त्याच्यावरून सरकत होती, तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, म्हणजे आपला सह्याद्री. भूमी उत्तरेकडे सरकत राहिली, झोत तिथेच धगधगत राहिला. त्याच्या वाटेवर आज लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस बेटांखालचा डोंगरमाथा आहे. मॉरिशस अगदी अलीकडचं, ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं. आणि शेजारचं रियुनियन धाकटं, तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून ओकतो. म्हणजे सह्याद्री थोरला आणि हे त्याचं बरंच लहान चुलत भावंड. वयात सहा कोटींच्या आसपास फरक आहे इतकंच.

हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. ट्रेकच्या नादात पुढे कधीतरी वाचलेलं. दरडीवर हात टेकून पाणी पिताना मनात आलं ते भूगोलाचं नव्हतं. कोकणातला कोणी माणूस जहाजातून उतरतो, साडेचार हजारांवर किलोमीटर समुद्र मागे टाकून, आणि पहिल्या दिवशी त्याला काम मिळतं ते दगड वेचण्याचं. त्याने तो उचलला असेल तेव्हा हाताला कळलं असेल का? वजन, खरखर, उन्हात तापल्यावर येणारा तो वास. मला वाटतं, कळलं असणार. दगडात राबणाऱ्या हाताला दगड कळतो. त्याचं त्याला बरं वाटलं असेल की जास्तच वाईट, एवढंच मला ठरवता येईना.

वर नुवेल देकुव्हेर्तला पोचल्यावर वारा भेटला. इथे हिवाळाभर आग्नेयेकडून वाहणारे वारे असतात आणि दक्षिणेला जाणाऱ्या सायकलवालीला ते डावीकडून थेट तोंडावर घेतात. एका बाजूला मोका डोंगरांची रांग आणि तिच्यावर पीटर बोथ. शिखराच्या टोकावर एक भलामोठा धोंडा, मानेवर डोकं ठेवावं तसा. गोष्ट सांगतात की तो एक दूधवाला आहे. डोंगरावर पऱ्यांचा नाच पाहिला, कोणाला सांगायचं नाही असं बजावलेलं असताना सांगितलं, आणि दगड झाला. शिखराला नाव मात्र या बेटाजवळ १६१५ साली बुडून मेलेल्या डच गव्हर्नराचं आहे. मला दूधवाल्याचा हक्क जास्त वाटतो.

सँ पिएर, क्यूरपीप. क्यूरपीपबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की पाऊस पडत होता. ते गाव पठारावर आहे आणि तिथे पाऊसच पडतो. तिथले लोकही याचीच थट्टा करतात. एका हातगाडीवर धाल पुरी खाल्ली. वाटाण्याच्या डाळीचं पुरण भरलेली मऊ, पातळ पोळी. नेहमी दोनाची जोडी देतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा. पुरणपोळीतला गूळ काढून तिला नोकरीला लावलं तर ती अशी होईल. चार खाल्ल्या.

ला मारीच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

पंक्चरचा आवाज येत नाही, आधी कंबरेला कळतं. उतरून पाहिलं तर टायरमध्ये तारेचा बारीक तुकडा. सीटखालच्या पिशवीत सगळं दिलेलं होतं: टायर काढायचे दोन चमचे, पंप, ठिगळं, सोल्युशन. सोल्युशनची ट्यूब दाबली, तर ती वाळलेल्या करवंदासारखी कडक. घासायचा कागद नव्हताच. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या छपराचं एक लहान दुकान होतं, बाहेर बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ रेडिओ ऐकत बसलेले. मी सायकल ढकलत गेले आणि हातातली ती मेलेली ट्यूब दाखवली. शब्द लागले नाहीत. ते आत गेले आणि एका पत्र्याच्या डब्यातून त्यांची स्वतःची, अर्धी वापरलेली ट्यूब घेऊन आले. मग बादलीत पाणी.

आम्ही दोघांनी चाकातली ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, बादलीत बुडवून फिरवली. बुडबुडे आले तिथे त्यांनी अंगठा दाबून धरला. घासायला काय, म्हणून मी इकडेतिकडे बघत होते. ते उठले, दुकानाच्या मागे शेताच्या कडेला असाच एक दगडांचा ढीग होता, त्यावरून एक हातात मावेल असा दगड निवडून आणला. भोकाभोकांचा, खरखरीत. एक बाजू बोटाने तपासली, आवडली नाही, दुसरी तपासली. मग हलक्या हाताने, गोल गोल, रबर घासायला लागले. काळ्या रबरावर राखाडी पट्टा उमटला. सोल्युशन लावलं, फुंकर घातली, थांबले. ठिगळ बसवल्यावर त्याच दगडाच्या गुळगुळीत अंगाने ते ठोकून पक्कं केलं.

ते ठोकता ठोकता मी सवयीने पुटपुटले, "बस झालं, काका." त्यांनी मान वर केली.

"उ मराठी?"

क्रिओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत, 'उ' म्हणजे तुम्ही. मी हो म्हटलं. ते सरळ बसले, हात पँटला पुसले आणि शाळेतल्या पुस्तकातलं वाचावं तसं, एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाले, "मी, मराठी, आहे. माझी आजी, मराठी, बोलत होती."

पुढचा अर्धा तास आम्ही तीन-चार भाषांत बोललो. त्यांचं मराठी दहा-पंधरा वाक्यांचं, माझी फ्रेंच त्याहून कमी, मधे इंग्रजी आणि हिंदी सिनेमांचं हिंदी. घरात क्रिओलच. नातवंडं शाळेत मराठी विषय घेतात, त्यांना वाचता येतं, त्यांच्या सुनेला अजिबात नाही. गणेश चतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते, आणि दहाबारा दिवसांपूर्वीच गणपती होऊन गेलेले. आरती सगळी पाठ आहे, अर्थ सगळा नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, आमच्या सोसायटीतही तेच आहे. त्यांना हे फार आवडलं, त्यांनी ते सुनेला हाक मारून क्रिओलमध्ये सांगितलं. मग झाकरीचा विषय निघाला. कोकणातला जाखडी नाच तिकडे झाकरी झालाय. त्यांनी बाकावर ताल धरून दाखवला. ताल शाबूत होता.

मग मी तो प्रश्न विचारला, जो आपण कुठल्याही अनोळखी मराठी माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात विचारतोच. "तुमचं गाव कुठलं?"

"व्हाक्वा," ते म्हणाले, आणि मागच्या रस्त्याकडे बोट केलं.

माझ्या ओठांवर 'नाही, म्हणजे मूळचं?' आलं होतं. मी ते गिळलं. पाच-सहा पिढ्या ज्या मातीतले दगड वेचण्यात गेल्या ती मूळची नव्हे तर कुठली, असं काही सुचून गिळलं असं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर बरोबर आल्याचा आनंद होता, तो मोडवेना, एवढंच. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आजी सांगायची, बोटीच्या आधी, कोकण." 'कोकण' हा शब्द त्यांनी आपल्यासारखाच म्हटला, ण नीट लावून.

पैसे घेतले नाहीत. सोल्युशनची ट्यूब मला घेऊन जा म्हणाले. आणि तो दगड उचलून पुन्हा मागे गेले आणि ढिगावर, जिथून घेतला होता त्याच खळग्यात, बसवून आले.

मार ओ व्हाक्वाच्या मोठ्या जलाशयाला वळसा घालून रस्ता ग्राँ बासँकडे चढतो. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं. आधी त्याला परी तलाव म्हणत. १९७२ साली भारतातून आणलेलं गंगाजल त्यात सोडलं आणि नाव गंगा तलाव झालं. तळ्याच्या अलीकडे, बऱ्याच लांबून दिसणारा ३३ मीटर उंच शंकर. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं कावड घेऊन चालत येतात. रविवारी गर्दी बेताची होती. मी चपला नव्हे, बूट काढले, पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडणार तेवढ्यात शेजारच्या बाईंनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. बरोबर होतं त्यांचं. बूट पुन्हा घातले.

तिथून पुढचा रस्ता या सगळ्या दिवसातला सगळ्यात सुंदर, आणि मी त्याच्याबद्दल फार कमी सांगू शकते, कारण ढग खाली उतरले होते. प्लेन शाँपान्य सातशे मीटरच्या वर आहे. डोंगरी झुडुपं, धुकं, मधेच फाटून दिसणारी खोल दरी आणि दरीत खाली, आपल्या पायांच्याही खाली उडणारे लांब शेपटीचे पांढरे पक्षी. याच रानातल्या मॉरिशस केस्ट्रेल नावाच्या लहान ससाण्याची संख्या १९७४ साली फक्त चारवर आली होती. मग माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून ती जात वाचवली. डोडोच्या वेळी एवढा विचार करायला कोणी नव्हतं. मला ससाणा दिसला नाही. माकड दिसलं, ते माझं केळं घेऊन गेलं.

शामारेलला सात रंगांची माती पाहायला तिकीट काढावं लागतं. काढलं. लाल, तपकिरी, जांभळट, पिवळट अशा लाटा असलेलं उघडं माळरान, भोवती लाकडी कठडा, कठड्यावर फोटो काढणारी माणसं. माहितीफलक वाचला. बेसॉल्ट कुजतो, पाऊस त्यातलं विरघळणारं सगळं वाहून नेतो आणि लोखंड, अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं, रंग त्यांचे. मी तो दोनदा वाचला. म्हणजे जांभा! रत्नागिरीच्या सड्यावर याच प्रकाराने झालेली जमीन मैलोन्‌मैल पडलेली आहे, त्यावर तिकीट नाही, कठडा नाही, आणि चिरे काढून आपण त्याची घरं बांधतो. माझ्या आजोळच्या भिंती त्याच्याच. शेजारी उभ्या असलेल्या तरुण जोडप्याला मला हे सांगायचं होतं, पण ते सेल्फीत होते आणि मी चिखलाने बरबटलेली.

शामारेलहून समुद्राकडचा उतार म्हणजे सहा-सात किलोमीटर नुसता ब्रेक. वळणं इतकी तीव्र की पुढचं चाक एका रस्त्यावर आणि मागचं वरच्या रस्त्यावर आहे असं वाटतं. मागचा ब्रेक ओल्या रबराने किंचाळत होता, बोटं आखडली. दोनदा थांबून ती एकेक करून सोडवली. एका वळणावर झाडी संपली आणि खाली ते दिसलं: निळ्या-हिरव्या पाण्यात पाय टाकून बसलेला ल मॉर्नचा एकटा काळा कडा. ५५६ मीटर, सगळ्या बाजूंनी तुटलेला.

पळून आलेले गुलाम त्या कड्याच्या माथ्यावर आणि गुहांत लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, ती बातमी सांगायला शिपाई निघाले, आणि वरच्यांना वाटलं पकडायला आले, म्हणून त्यांनी खाली उड्या टाकल्या. ही आख्यायिका आहे, पण बेटावर ती आख्यायिकेसारखी सांगत नाहीत. अ‍ॅटलास जहाज त्याच्या तीनच महिने आधी बंदराला लागलं होतं. कड्यावरची माणसं मोकळी होणार हे मळेवाल्यांना ठाऊक होतं, त्यांची जागा घेणाऱ्यांची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती.

पायथ्याच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा सूर्य पाण्यापासून चार बोटं वर होता. मीटरवर पंचाण्णव किलोमीटर. वाळू पांढरीशुभ्र, पोवळ्याची, आणि तिच्यात अर्धे रुतलेले काळे धोंडे. हाताला चेनचं ग्रीस होतं ते वाळूने घासून काढायचा प्रयत्न केला, नखांतलं निघालं नाही. टॅक्सीवाल्याने सायकल डिकीत अर्धी कोंबली, सीटवर माझ्यासाठी वर्तमानपत्र पसरलं आणि मी त्यावर बसून अर्ध्या वाटेत झोपले.

दुसऱ्या दिवशी सायकल परत करायला गेले. मुलाने मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, समाधानाने "बों" म्हणाला आणि सायकल रांगेत लावली. ट्यूबवरच्या ठिगळाबद्दल मी काही बोलले नाही. फक्त सीटखालच्या पिशवीतली वाळलेली ट्यूब काढून तिच्या जागी काकांची ठेवली.